कॉन्स्टँटिनोपलची अकराशे वर्षं: बायझंटाईन साम्राज्य सोप्या भाषेत

सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने एक किस्सा लिहून ठेवला आहे. सिंहलद्वीपाच्या राजाच्या दरबारात एकाच वेळी दोन परदेशी पाहुणे आले, सोपात्रस हा रोमन व्यापारी आणि इराणच्या शहेनशाहाचा वकील. राजाने विचारलं, तुमच्यापैकी कोणाचा राजा मोठा? इराणी वकिलाने लगेच आपल्या धन्याची थोरवी गायला सुरुवात केली. सोपात्रस गप्प राहिला. राजाने त्याला छेडलं तेव्हा तो म्हणाला, दोन्ही राजे इथेच हजर आहेत, आपणच पाहून ठरवा. मग त्याने दोन्हीकडची नाणी समोर ठेवायला सांगितली. इराणचं नाणं चांदीचं होतं. रोमचं सोन्याचं, लखलखीत आणि सुबक छापाचं. राजाने नाणी नीट न्याहाळली, कौल रोमच्या बाजूने दिला आणि सोपात्रसची हत्तीवरून मिरवणूक काढली.

किस्सा सांगणारा रोमन पक्षाचाच, तेव्हा त्यात थोडं तिखटमीठ असणार. पण ते सोन्याचं नाणं खरोखरच दूरवर चालत होतं. कर्नाटकात अक्की आलूरला पाचव्या-सहाव्या शतकातली अशी नाणी सापडली आहेत. कॉस्मसने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांची यादी दिली आहे, तिच्यात ‘कल्याना’ हे नाव येतं. अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. तिथे ख्रिस्ती वस्ती असून तिच्यासाठी इराणहून बिशप नेमला जातो, असं तो लिहितो.

आता यात एक गोष्ट खटकायला हवी. रोमन साम्राज्य इ.स. ४७६ मध्ये बुडालं असं आपण शाळेत शिकलो. कॉस्मस लिहीत होता ५५० च्या आसपास. मग हे रोम कुठलं?

बुडालं ते पश्चिमेकडचं रोम. साम्राज्य इतकं पसरलं होतं की एका ठिकाणी बसून ते सांभाळणं जड जात होतं. म्हणून कॉन्स्टंटाईन या सम्राटाने बॉस्फरसच्या काठी, बिझँटियन नावाच्या जुन्या ग्रीक वसाहतीच्या जागी, नवी राजधानी वसवली. तीच कॉन्स्टँटिनोपल, आजचं इस्तंबूल. ११ मे ३३० रोजी तिचा विधिपूर्वक आरंभ झाला. ३९५ मध्ये थिओडोसियस सम्राट वारला आणि त्याच्या दोन मुलांत पूर्व व पश्चिम अशी वाटणी झाली. पश्चिमेचा वाटा ऐंशीएक वर्षांत संपला. पूर्वेचा २९ मे १४५३ पर्यंत चालला. पश्चिमेच्या शेवटच्या सम्राटाला पदावरून उतरवलं गेलं, त्या दिवशी कॉन्स्टँटिनोपलमधले कर गोळा करणारे, न्यायाधीश, सैन्याचे पगार, सगळं आदल्या दिवशीसारखंच चालू होतं.

‘बायझंटाईन’ हे नाव या लोकांनी स्वतःला लावलं नव्हतं. ते बोलत ग्रीक आणि स्वतःला म्हणवत रोमन. हिएरोनिमस वोल्फ या जर्मन पंडिताने १५५७ मध्ये, म्हणजे राज्य बुडून शंभर वर्षं झाल्यावर, आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात ते नाव वापरलं आणि पुढे ते रुळलं. शेजाऱ्यांच्या मनात मात्र कधी शंका नव्हती. अरब, इराणी, तुर्क सगळेच त्या मुलखाला ‘रूम’ म्हणत. तुर्कांनी तो जिंकल्यावरही हे नाव टिकलं. आपल्या जुन्या कागदांत ‘रूमशाम’ येतं ते तिथूनच, आणि १५४९ मध्ये अहमदनगरात मुलूखमैदान तोफ ज्याने ओतली त्याच्या नावातला ‘रूमी’ही तोच.

अठराव्या शतकातल्या युरोपीय लेखकांनी ही हजार वर्षं म्हणजे एक लांबलेला ऱ्हास, असा निकाल देऊन टाकला. मला तो मान्य नाही. सगळ्या बाजूंनी शत्रू असताना कोणतंही राज्य नुसतं खंगत हजार वर्षं काढत नाही. या राज्याचं बळ त्याच्या दफ्तरात होतं. हिशेब, कायदा, नोंदी आणि ते सांभाळणारे शिकलेले अधिकारी. सम्राट येत-जात राहिले, दफ्तर चालू राहिलं. पुढचं सगळं या एका धाग्याने वाचलं की बरंच उलगडतं.

जागा आणि तट

शहराची जागा विलक्षण आहे. दक्षिणेला मार्मारा समुद्र, उत्तरेला ‘सुवर्णशृंग’ ही खोल खाडी, पूर्वेला बॉस्फरसची सामुद्रधुनी. जमीन फक्त पश्चिमेला. काळ्या समुद्रातून भूमध्य समुद्रात जाणारं प्रत्येक जहाज या शहरासमोरूनच जाणार. म्हणजे जकात आपोआप दारात.

उणीव होती पाण्याची. मोठी नदी जवळ नाही. म्हणून दूरच्या डोंगरांतून कालव्यांनी पाणी आणलं आणि ते साठवायला शहराच्या पोटात प्रचंड टाकी बांधली. त्यातलं एक टाकं आजही इस्तंबूलमध्ये पाहता येतं. त्याचं छत ३३६ खांबांनी तोलून धरलं आहे.

पश्चिमेकडची उघडी बाजू दुसऱ्या थिओडोसियसच्या काळात, ४१३ च्या सुमारास, तटाने बंद केली. बाहेर रुंद खंदक, त्यामागे ठेंगणा तट, आणि त्यामागे सुमारे १२ मीटर उंचीचा मुख्य तट, ९६ बुरुजांचा. शत्रूने खंदक ओलांडला तरी तो दोन तटांच्या मधल्या पट्ट्यात सापडायचा. ४४७ मध्ये भूकंपाने ५७ बुरुज कोसळले आणि त्याच वेळी हूणांचा अटिला चाल करून येत होता. रथांच्या शर्यतींत एकमेकांचे हाडवैरी असलेले शहरातले गट कामाला लावले गेले आणि दोन महिन्यांत तट पुन्हा उभा राहिला. त्यानंतर अवार आले, अरब आले, बल्गार आले. जमिनीकडचा हा तट तोफा येईपर्यंत, म्हणजे हजारावर वर्षं, कोणालाही फोडता आला नाही.

सोनं फिरतं ठेवणारं दफ्तर

सोपात्रसचं ते नाणं म्हणजे ‘सॉलिडस’. एका रोमन पौंड सोन्यात ७२ नाणी, प्रत्येकी साधारण साडेचार ग्रॅम. कॉन्स्टंटाईनने ठरवलेलं हे वजन आणि जवळजवळ शुद्ध सोनं अकराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकलं. सातशे वर्षं! युद्ध, साथ, बंड, प्रांत हातातून जाणं, या सगळ्यातून. हे शक्य झालं कारण सोनं वर्तुळात फिरत होतं. जमिनीवरचा कर सोन्यात घ्यायचा आणि अधिकाऱ्यांचे व सैनिकांचे पगार सोन्यात द्यायचे. ते खर्च करणार बाजारात, बाजारातून सोनं शेतकऱ्याकडे, आणि शेतकऱ्याकडून कराच्या रूपाने पुन्हा खजिन्यात. यासाठी कोणाची जमीन किती, ती कसली जाते की पडीक आहे, कोणाला सूट दिली आहे, याच्या अद्ययावत वह्या लागतात. त्याच काळात पश्चिम युरोपातल्या राजांना अशी यंत्रणा उभी करता आली नाही. ते सैनिकांना पगाराऐवजी जमीनच देऊन टाकत आणि मग त्या सरदारांपुढे हतबल होत.

इटलीतून आलेला वकील लिउतप्रांद याने दहाव्या शतकाच्या मध्यावर पगारवाटप डोळ्यांनी पाहिलं. ईस्टरच्या आधीच्या दिवसांत लांबलचक टेबलावर सोन्याच्या थैल्या मांडलेल्या, प्रत्येकीवर रक्कम लिहिलेली. स्वतः सम्राट हुद्द्यानुसार एकेकाला बोलावून देत होता. पहिल्या अधिकाऱ्याच्या थैल्या त्याच्या खांद्यांवर लादाव्या लागल्या. त्यानंतरच्यांना नोकरांच्या मदतीने त्या ओढत न्याव्या लागल्या.

राजधानीच्या बाजारावरही दफ्तराची बारीक नजर होती. दहाव्या शतकाच्या सुरुवातीची एक नियमावली उपलब्ध आहे. नगरपालाच्या हाताखालचे धंदे, म्हणजे सोनार, सावकार, रेशीमवाले, साबणवाले, खाटीक, खानावळी, आणि प्रत्येकाने काय करायचं, काय नाही. सोनारांनी घरी काम करायचं नाही, मुख्य रस्त्यावरच्या दुकानातच करायचं. पाव भाजणाऱ्यांना आणि त्यांच्या जनावरांना सरकारी वेठ माफ, कारण शहराच्या भाकरीत खंड पडता कामा नये. मला हा नियम फार बोलका वाटतो. लाखोंच्या शहरात भाकरीचा तुटवडा झाला की दंगल होते, हे या अधिकाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

परराज्यांशी वागतानाही हाच हिशेबी स्वभाव दिसतो. लढाई महाग असते आणि हरलो तर सैन्य पुन्हा उभं करायला पिढी जाते. त्यापेक्षा सोनं द्या, किताब द्या, एका टोळीला दुसरीवर घाला, शत्रूच्या घरातला नाराज भाऊबंद आपल्याकडे पोसून ठेवा. सातवा कॉन्स्टंटाईन या सम्राटाने मुलासाठी याची एक गुप्त मार्गदर्शिकाच लिहून ठेवली. दरबाराचा थाट हाही त्याच डावाचा भाग होता. लिउतप्रांद पहिल्यांदा दरबारात गेला तेव्हा सोनेरी झाडावरचे पक्षी यंत्राने किलबिलत होते, सिंह डरकाळ्या फोडत होते, आणि त्याने दंडवतातून मान वर केली तर सम्राट सिंहासनासकट छताजवळ पोहोचलेला! पुढे ९६८ मध्ये तो पुन्हा आला तेव्हा परतताना जकातीवर त्याची जांभळी रेशमी वस्त्रं काढून घेतली गेली. तो रंग परदेशी नेण्याची मनाई होती, आणि वकिलालाही सूट नव्हती.

हे राज्य सौम्य होतं असा मात्र गैरसमज नको. गादीच्या वारसाचा पक्का नियम नसल्याने कट आणि बंडं सतत होत. हरलेल्याचे डोळे काढणं ही नेहमीची शिक्षा, कारण अधू माणूस सम्राट होऊ शकत नाही असा समज. ७९७ मध्ये आयरीन या राणीने सत्तेसाठी पोटच्या मुलाचे, सहाव्या कॉन्स्टंटाईनचे, डोळे काढवले आणि स्वतः गादीवर बसली. गादी अशी डळमळीत असूनही राज्य चालत राहिलं, कारण गादीखाली वह्या होत्या.

जस्टिनियन: एक दंगल, एक घुमट, एक कायदा

जस्टिनियन (५२७ ते ५६५) हा या इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध सम्राट. त्याची राणी थिओडोरा अस्वलं सांभाळणाऱ्याची मुलगी, आधी नाटकवाली. जानेवारी ५३२ मध्ये रथांच्या शर्यतींच्या मैदानात निळे आणि हिरवे हे दोन्ही गट एकत्र येऊन सरकारवर उठले. आठवडाभर शहर जळत होतं. सम्राटाने पळून जायची तयारी केली. इतिहासकार प्रोकोपियसच्या म्हणण्याप्रमाणे थिओडोरानेच त्याला थांबवलं: राजवस्त्र हेच उत्तम कफन, असं ती म्हणाली. मग सैन्य मैदानात घुसलं. प्रोकोपियस मृतांचा आकडा ३०,००० च्या वर देतो.

आगीत मुख्य चर्चही जळलं होतं. काही आठवड्यांतच त्या जागी नवं बांधायला घेतलं आणि पाच वर्षांत, डिसेंबर ५३७ मध्ये, हागिया सोफिया तयार झालं. अँथेमियस आणि इसिडोर या दोघा गणितज्ञांकडे काम होतं. अडचण अशी की इमारत चौकोनी आणि घुमट गोल. चौकोनी डब्यावर वाटी पालथी घातली तर ती कडांना टेकते, चार कोपरे उघडेच राहतात. त्यांनी चार कमानी उभ्या केल्या आणि कमानींमधल्या कोपऱ्यांत गोलाकाराच्या त्रिकोणी पाकळ्या बांधल्या. पाकळ्या वर जात एकमेकींना भिडतात आणि त्यांचं वर्तुळ तयार होतं. त्या वर्तुळावर सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट. घुमटाच्या बुडाशी ४० खिडक्या, त्यामुळे उन्हात तो अधांतरी भासतो. पहिला घुमट जास्त चपटा होता, तो भूकंपांनी खिळखिळा होऊन ५५८ मध्ये कोसळला. इसिडोरच्या पुतण्याने तो आणखी उंच करून बांधला, म्हणजे वजन बाजूला कमी ढकललं जाऊन खाली जास्त उतरावं. तुर्कांच्या काळात सिनान या स्थपतीने इस्तंबूलमध्ये ज्या मशिदी बांधल्या त्या याच घुमटाशी स्पर्धा करत.

तरी जस्टिनियनचं सर्वांत मोठं काम दगडाचं नाही, कागदावरचं आहे. रोमन कायदा तोवर हजार वर्षांचा झाला होता. सम्राटांचे आदेश, कायदेपंडितांची मतं, एकमेकांच्या विरुद्ध जाणारे निवाडे. वकिलालाही सगळं सापडत नव्हतं. त्रिबोनियन या कायदेपंडिताच्या हाताखाली मंडळ नेमलं गेलं. त्यांनी जवळजवळ २,००० पुस्तकं चाळून पंडितांच्या मतांचा ५० भागांचा संग्रह ५३३ मध्ये पुरा केला. आदेशांची वेगळी संहिता, विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक, आणि पुढे नव्या कायद्यांची भर. यातला मतांचा प्रचंड संग्रह तीन वर्षांत झाला, यावर विश्वास बसत नाही.

त्याच्या युद्धांबद्दल माझं मत इतकं चांगलं नाही. उत्तर आफ्रिका झटकन मिळाली. इटली मात्र जवळजवळ वीस वर्षांच्या लढाईत उद्ध्वस्त झाली आणि त्याच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांत लोंबार्ड टोळ्यांनी तिचा बराचसा भाग घेतला. मध्येच ५४१-४२ मध्ये प्लेगची भीषण साथ आली. खुद्द सम्राटही आजारी पडला. याच राजवटीत काही भिक्षूंनी, प्रोकोपियसच्या शब्दांत भारतातून आलेल्या भिक्षूंनी, पूर्वेकडून रेशमाच्या किड्यांची अंडी आणून दिली आणि चीनचं रेशीम विकत घेणाऱ्या राज्यात रेशीम पिकू लागलं.

सातवं शतक

जस्टिनियनपेक्षा मला सातवं शतक जास्त थक्क करतं. ६०२ पासून इराणशी पंचवीस वर्षं युद्ध. ६१४ मध्ये जेरुसलेम गेलं. ६२६ मध्ये एका बाजूने अवार आणि पलीकडच्या किनाऱ्यावर इराणी, असा राजधानीलाच वेढा पडला. हेराक्लियस सम्राटाने इराणमध्ये मुसंडी मारून ते युद्ध जिंकलं. दोन्ही साम्राज्यं थकून गेलेली असतानाच अरबस्तानातून इस्लामची सैन्यं बाहेर पडली. ६३६ मध्ये यारमूकची लढाई हरल्यावर सीरिया गेला, पाठोपाठ इजिप्त गेला. इजिप्त म्हणजे धान्याचं कोठार आणि कराचा सर्वांत मोठा झरा. इराणचं साम्राज्य या तडाख्यात नाहीसं झालं. रोमचं अर्ध्याहून लहान झालं, पण उरलं.

कसं? त्यांनी खर्च आवळला. परत आलेली सैन्यं अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागात, वाटून दिली आणि त्यांचेच लष्करी प्रांत बनवले. मोठी शहरं आकसून डोंगरी किल्ले झाली. नवी पुतळे-स्मारकं बंद. पण कर आणि नाणं सोडलं नाही. शिवाय एक नवं हत्यार हाती आलं. सीरियातून पळून आलेल्या कॅलिनिकोस नावाच्या कारागिराने ६७० च्या दशकात ‘ग्रीक अग्नी’ आणला. हे द्रव नळीतून दाबाने फवारलं जाई आणि पाण्यावरही जळत राही. त्याची कृती इतकी गुप्त होती की सातव्या कॉन्स्टंटाईनने मुलाला बजावलं आहे: परकीयांनी मागितली तर सांग, ही देवदूताने दिलेली विद्या आहे, ती बाहेर द्यायला बंदी आहे. ती कृती खरोखरच कायमची हरवली. ७१७-१८ मध्ये खलिफाच्या प्रचंड आरमाराने वर्षभर शहराला वेढा घातला. हाच अग्नी, तोच तट, आणि एक अतिशय कडक हिवाळा, यांनी तो मोडून काढला.

प्रतिमा, लिपी, इस्पितळ

इतक्या आपत्ती पाहिलेल्या समाजात प्रश्न उठला की देव आपल्यावर कोपला का? आठव्या शतकात सम्राट तिसऱ्या लिओने उत्तर दिलं, आपण चित्रं पुजतो म्हणून. शंभरहून जास्त वर्षं, मधला काही काळ सोडला तर, ख्रिस्ताच्या आणि संतांच्या प्रतिमांवर बंदी राहिली. प्रतिमांची बाजू मांडणाऱ्यांचा युक्तिवाद असा होता की नमस्कार चित्राला नसतो, चित्रातल्याला असतो. मूर्तिपूजेवरचे आपल्याकडचे वाद वाचलेल्यांना हा मुद्दा ओळखीचा वाटेल. ८४३ मध्ये प्रतिमा परत आल्या त्या कायमच्या.

पुढच्या दोनशे वर्षांत राज्याने पुन्हा उभारी धरली आणि उत्तरेकडच्या स्लाव लोकांना धर्म दिला. ८६३ मध्ये सिरिल आणि मेथोडियस हे भाऊ मोराव्हिया या मध्य युरोपातल्या स्लाव राज्याकडे निघाले. पश्चिमेतले धर्मगुरू लॅटिनचा आग्रह धरत असताना या दोघांनी स्लाव भाषेसाठी लिपी घडवली आणि तिच्यात प्रार्थना उतरवल्या. त्यांच्या शिष्यांच्या परंपरेतून बल्गेरियात जी लिपी तयार झाली तिला सिरिलिक म्हणतात. आज रशिया, युक्रेन, सर्बिया, मंगोलियापर्यंत ती चालते. ९८८ च्या सुमारास कीव्हच्या व्लादिमिरने बाप्तिस्मा घेतला आणि त्याला सम्राट दुसऱ्या बेसिलची बहीण अ‍ॅना दिली गेली. बदल्यात त्याने बेसिलला ६,००० लढवय्ये पुरवले. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचं मूळ या व्यवहारात आहे.

११३६ ची एक सनद मला विशेष प्रिय आहे. सम्राट दुसऱ्या जॉनने राजधानीतल्या एका मठाला जोडून ५० खाटांचं इस्पितळ काढलं. जखमा आणि मोडलेल्या हाडांसाठी १० खाटा, डोळे व पोटाच्या गंभीर दुखण्यांसाठी ८, स्त्रियांसाठी १२, बाकी इतरांसाठी. स्त्रियांच्या विभागात एक वैद्य स्त्री असावी, असंही लिहिलं आहे. सनद अंथरूण-पांघरुणापर्यंत तपशील देते.

व्हेनिसची दोस्ती

अकराव्या शतकात दोन पाये एकदम खचले. सम्राटांनी खर्च भागवायला नाण्यातलं सोनं कमी करत नेलं. आणि २६ ऑगस्ट १०७१ ला मांझिकर्टच्या लढाईत सम्राट रोमानोस सेल्जुक तुर्कांच्या हाती जिवंत सापडला. लढाईपेक्षा नंतरची यादवी जास्त महागात पडली. एकमेकांशी लढणाऱ्या दावेदारांनीच तुर्कांना मदतीला बोलावलं आणि अनातोलियाचा पठारी भाग, म्हणजे शेतकरी, सैनिक आणि कर, हातचा गेला.

सम्राट अलेक्सियोसने हुशारीने बरंच सावरलं. त्याच्या मुलीने, अ‍ॅना कोम्नेनाने, त्याचा इतिहास लिहिला. मध्ययुगातल्या स्त्रीने लिहिलेलं एवढं मोठं इतिहासकाम दुसरं नाही. पण आरमारासाठी अलेक्सियोसने व्हेनिसला १०८२ मध्ये सोनेरी मोहोरेची सनद दिली आणि त्यांच्या व्यापाऱ्यांना जकात माफ केली. घरच्या व्यापाऱ्याने जकात भरायची आणि परक्याने नाही! शंभर वर्षांत बंदरं इटालियनांच्या हातात गेली, चीड वाढत गेली, आणि ११८२ मध्ये शहरातल्या इटालियनांची कत्तल झाली.

हे वैर १२०४ मध्ये दारात आलं. चौथ्या धर्मयुद्धाचे योद्धे निघाले होते मुसलमानांशी लढायला. जहाजभाडं द्यायला पैसे नव्हते, जहाजं व्हेनिसची होती, आणि एका पळपुट्या राजपुत्राने गादी मिळवून दिल्यास भरमसाट पैसा देण्याचं वचन दिलं. ते पाळता येईना. मग ख्रिस्ती सैन्याने जगातलं सर्वांत मोठं ख्रिस्ती शहर तीन दिवस लुटलं. ब्राँझचे पुतळे वितळवून नाणी पाडली. शर्यतीच्या मैदानातले चार ब्राँझचे घोडे व्हेनिसला गेले आणि आजही तिथेच आहेत. राज्य खरं मेलं ते या वर्षी, असं मी मानतो. १२६१ मध्ये शहर परत मिळालं, पण दफ्तर चालवायला मुलूखच उरला नव्हता. राजघराण्याची रत्नं व्हेनिसकडे गहाण पडली होती. १३४७ च्या राज्याभिषेकात काचेचे खडे लावलेले मुकुट आणि मातीची भांडी वापरल्याचं त्या काळच्या इतिहासकाराने लिहिलं आहे.

सोन्याची जागा आता इटलीने घेतली. व्हेनिसने १२८४ पासून पाडलेलं डुकाट अरबी समुद्रामार्गे दख्खनेत पोहोचलं. आपल्याकडे त्यालाच ‘पुतळी’ म्हणत. पुतळ्यांची माळ तिथूनच आली.

१४५३ चा वेढा ६ एप्रिलला सुरू झाला. उस्मानी तुर्कांचा सुलतान दुसरा मेहमेद एकवीस वर्षांचा, हाताशी हंगेरियन ओतारी ओर्बानने घडवलेल्या अजस्र तोफा. आत पन्नासेक हजारांची वस्ती आणि जेमतेम सात-आठ हजार लढणारे. खाडीच्या तोंडाशी साखळी होती, तर मेहमेदने जहाजं लाकडी मार्गावरून टेकडीपलीकडे ओढून खाडीत उतरवली. २९ मे च्या पहाटे तट पडला. अकरावा कॉन्स्टंटाईन तिथेच लढताना मारला गेला.

मागे काय उरलं

१४५३ नंतर ग्रीक पंडित इटलीत पळाले आणि युरोपचं प्रबोधन सुरू झालं, असं सोपं विधान नेहमी वाचायला मिळतं. ते अपुरं आहे. मॅन्युएल क्रिसोलोरास फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवायला लागला तो १३९७ मध्ये. आणि शिकवण्याजोगं काही हातात होतं, कारण कॉन्स्टँटिनोपलमधल्या लेखनिकांनी पाचशे वर्षं पोथ्या उतरवल्या होत्या. नवव्या शतकात त्यांनी सुटी मोठी अक्षरं सोडून एकमेकांना जोडून लिहायचं लहान वळण घेतलं, म्हणजे पोथीच्या कमी चामड्यात जास्त मजकूर. अरेथास नावाच्या धर्माधिकाऱ्याने ८९५ मध्ये प्लेटोच्या संवादांची प्रत २१ सोन्याची नाणी मोजून करवून घेतली आणि समासात स्वतःच्या टिपा लिहिल्या. ती प्रत आज ऑक्सफर्डमध्ये आहे. होमर, प्लेटो, थ्युसिडिडीस, ग्रीक नाटकं, यांतलं जे पूर्ण रूपात आपल्याकडे आलं ते बहुतेक या नकलांमुळेच.

आर्किमिडीजची एक पोथी तर अजबच वाटेने आली. दहाव्या शतकातली ही नक्कल १२२९ मध्ये खरवडून तिच्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या. खालची फिकट अक्षरं १९०६ मध्ये डॅनिश अभ्यासक हायबर्गने वाचली. त्यात क्षेत्रफळ आणि घनफळ काढण्याची आपली युक्ती आर्किमिडीजने उलगडून सांगितलेला ग्रंथ होता, जो ग्रीकमध्ये दुसरीकडे कुठेही शिल्लक नाही. खरवडणाऱ्या माणसाला दोष द्यावासा वाटतो, पण प्रार्थनेची पोथी झाली म्हणूनच ते चामडं सांभाळलं गेलं. बेस्सारिओन या ग्रीक कार्डिनलने आपला मोठा ग्रंथसंग्रह १४६८ मध्ये व्हेनिसला दिला. ज्यांनी शहर लुटलं त्यांच्याच गावी! त्याला ग्रंथांची काळजी होती आणि ती जागा सुरक्षित होती.

राजकीय वारशावर मॉस्कोने हक्क सांगितला. तिसऱ्या इव्हानने १४७२ मध्ये शेवटच्या सम्राटाच्या पुतणीशी लग्न केलं, दोन डोक्यांचा गरुड घेतला, आणि ‘तिसरं रोम’ ही कल्पना तिथे रुजली. हागिया सोफिया १४५३ मध्ये मशीद झालं, १९३५ मध्ये संग्रहालय म्हणून उघडलं, आणि २०२० मध्ये पुन्हा मशीद झालं.

आणि त्रिबोनियनचा कायदा. पश्चिमेत तो पाचशे वर्षं जवळजवळ विस्मरणात गेला होता. पंडितांच्या मतांच्या संग्रहाची सहाव्या शतकातली एक प्रत इटलीत शिल्लक होती. अकराव्या शतकाच्या अखेरीपासून बोलोन्यामध्ये त्या संग्रहाचा अभ्यास सुरू झाला, तिथे शिकलेले वकील युरोपभर पसरले, आणि इंग्लंड सोडून बहुतेक युरोपचं दिवाणी कायद्याचं शास्त्र त्यातून घडलं. पोर्तुगालची १८६७ ची दिवाणी संहिता याच परंपरेतली. १८७० पासून ती गोव्यात लागू झाली आणि विवाह व कौटुंबिक मालमत्तेबाबत आजही तिथे तिचा अंमल आहे. बापाने मुलांना मृत्युपत्राने पूर्णपणे वगळू नये म्हणून रोमन कायद्यात त्यांचा सक्तीचा हिस्सा असे. जस्टिनियनने ५३६ मध्ये तो वाढवून चारपर्यंत मुलं असतील तर मालमत्तेचा एक तृतीयांश, त्याहून जास्त असतील तर निम्मा केला. गोव्यात आज मृत्युपत्र करणाऱ्याला मुलं असतील तर आपल्या वाट्यातली निम्मीच मालमत्ता मनाप्रमाणे देता येते. उरलेली निम्मी कायद्याने वारसांची.